चार मिनिटं

शाळेच्या पडवीत चाळीस पोरं रांगेला लागली होती आणि सुई नेमकी कुठं टोचणार या काळजीनं एकेकाचा चेहरा उतरला होता. सुई नव्हतीच. विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाई सांगलीहून गाडी घेऊन म्हसवडजवळच्या या वाडीत आल्या होत्या, पोरांचे दात किडू नयेत म्हणून औषध लावायला. दातांवर बसेल अशा मऊ साच्यात फ्लोराइडचं औषध भरायचं, साचा पोराच्या तोंडात बसवायचा आणि चार मिनिटं हनुवटी धरून ठेवायची. हनुवटी धरायचं काम आम्रपालीचं.

दोन वर्षं ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात हेच करत होती. सांगलीतल्या किती लेकरांच्या हनुवट्या तिच्या तळव्यातून गेल्या, त्याला गणती नाही. तिची स्वतःची लेक स्वप्ना मात्र याच वाडीत आजीजवळ वाढत होती, आणि आज रांगेत शेवटून तिसरी उभी होती. कामाच्या जागी घरचं काढू नये, म्हणून आम्रपालीनं डॉक्टरांना काही सांगितलं नव्हतं. पण सकाळपासून तिचा अर्धा जीव त्या रांगेच्या शेपटाशी होता.

एकदाचा स्वप्नाचा नंबर लागला.

"आई, मला की न्हाई..."

"आ कर," आम्रपाली म्हणाली. मागं दोघं खोळंबले होते. साचा तोंडात गेला आणि लेकीचं बोलणं आतच राहिलं.

"आजीचं गुडघं बरं हायत?"

मान हलली. हो.

"रोज शाळंला येतीस?"

हो.

"रातच्याला रडत न्हाईस न्हवं?"

मान हलली नाही. ओठाच्या कडेनं लाळ ओघळली, ती आम्रपालीनं कापसानं टिपली. महिन्यातून एकदा येणाऱ्या आईला लेकीचा आवाज ऐकायचा होता, आणि तोच तिनं स्वतःच्या हातानं बंद करून ठेवला होता.

"थुंक आता. अर्धा तास काय खायाचं न्हाई, पानी बी प्यायाचं न्हाई."

दिवसभर घोकलेलं वाक्य तोंडातून गेलं, आणि मग तिला पायाशी ठेवलेल्या पिशवीतला भडंगाचा पुडा आठवला. लेकीसाठीच आणला होता. अर्ध्या तासात तर गाडी निघणार होती.

उरलेली दोन पोरं झाली. डॉक्टर सामान भरू लागल्या.

"आवर गं आम्रपाली. विट्याला पोचेपर्यंतच अंधार पडेल."

तिनं मान वर केली. मोकळ्या पडवीत एकटी स्वप्ना रांग धरून उभी होती. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, तरी हाताची घडी घालून, गुरुजींनी शिकवल्यासारखी ताठ.

"ए पोरी," नाथाजी गुरुजी म्हणाले, "तुझं झालंय की. परत कशापायी उभी राहिलीस?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. एका पोराला दोनदा औषध लावायचं नाही, पोटात गेलं तर उलट्या होतील, असं त्यांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं.

"न्हाई गुरुजी, हिचं राहिलंय," आम्रपाली म्हणाली. दोन वर्षांत कामात ती पहिल्यांदाच खोटं बोलली. "चारच मिन्टं, डॉक्टर."

डॉक्टर घड्याळ बघत गाडीकडे गेल्या.

आम्रपालीनं औषधाच्या नळीला हात लावला नाही. साचाही घेतला नाही. तिनं गुडघ्यावर बसून लेकीची हनुवटी तेवढी तळव्यात धरली.

"बोल आता," ती हळूच म्हणाली. "मघाशी काय सांगत हुतीस?"

स्वप्नानं तोंड घट्ट मिटून घेतलं, डोळे मिटले, आणि डोक्याचा सगळा भार आईच्या हातावर सोडून दिला.