मोडलेलं बोडण

बंद खोलीत परातीतल्या देवीवर दूध, दही, पुरण घालून झालं. आता पाचही सवाष्णींनी परातीत हात घालून ते एकत्र कालवायचं, एवढ्यात वैजयंतीने आपला हात मागे घेतला.

"काकू, सकाळपासून माझा घसा दुखतोय. मी नाही बसत. घरात बाळ आहे."

बोडण त्या बाळासाठीच होतं, प्रमिलाकाकूंच्या दोन महिन्यांच्या नातवासाठी.

"अगं, मग आलीस कशाला?"

"सवाष्ण म्हणून बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून आले. चुकलंच माझं."

"हिला बाई सगळीकडे करोनाच दिसतो!" मेधा म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. ऐनवेळी दुसरी सवाष्ण मिळाली नाही आणि बोडण मोडलं.

वैजयंतीच्या तपासणीत काहीच निघालं नाही. मग तर आळीला बोलायला फावलंच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. देवळातही तिच्याशेजारची जागा रिकामी राहू लागली.

काकूंनी पुन्हा बोडण भरायचं ठरवलं. त्या सकाळी मेधाचं अंग तापलं होतं. काकूंना कळवावं म्हणून तिने फोन हातात घेतलाही. मग वैजयंतीचं काय झालं ते आठवलं. तिने तापाची गोळी घेतली, नऊवारी नेसली आणि वेळेवर जाऊन पाटावर बसली.

बोडण छान पार पडलं. आशीर्वाद द्यायला काकूंनी बाळ पहिल्यांदा तिच्याच मांडीवर ठेवलं.