पाणी उतरल्यावर

"हळू, अप्पा. पायरी हाय," स्वरूपा म्हणाली आणि आजोबांचा हात धरून तिनं त्यांना प्रदर्शनाच्या दालनात आणलं.

काचबिंदूनं अप्पांची नजर गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. आंधळ्या माणसाला चित्रं दाखवायला सणसरहून बारामतीला नेणारी नात म्हणून घरात सगळे तिला हसले होते. पण कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती आदल्या दिवशी हे निसर्गचित्रांचं प्रदर्शन पाहून गेली होती आणि एका चित्रापुढून तिचा पाय निघेना. यंदा उजनीचं पाणी फार उतरलं होतं. धरणात गेलेलं अप्पांचं गाव उघडं पडलं होतं आणि चित्रकारानं ते जसंच्या तसं रंगवलं होतं. त्यातलं आपलं घर कोणतं, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. ते सांगणारा माणूस एकच उरला होता.

अप्पांचा जीव त्या गावात अडकलाय, हे घरात सगळे जाणून होते. उन्हाळा लागला की ते रोज विचारायचे, पाणी किती उतरलं. धरण भरल्याची बातमी आली की गूळ वाटायचे. उघडं पडलेलं गाव बघायला भावकीतली पोरं जायची, अप्पा मात्र कधी गेले नाहीत. त्यांना सोसायचं नाही, असं आजी म्हणायची.

अप्पांच्या थोरल्या भावाचंही तसंच. सोनबानं गाव सोडायला नकार दिला, घराचं दार काढू देईना, भांडला आणि रागारागानं मुंबईला निघून गेला, तो परतलाच नाही. तरी घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत अप्पा त्याचं नाव पहिलं घालायला लावत. नावाआधी 'कै.' मात्र लावू देत नसत.

चित्रापुढं आल्यावर तिनं ते कशाचं आहे हे सांगितलं. अप्पांची पकड तिच्या मनगटावर आवळली. मला घरी ने, ते म्हणाले. एकदा ऐका तरी, म्हणून तिनं त्यांना बाकावर बसवलं.

देवळाचं शिखर, भेगाळलेला गाळ, भिंतींवर बसलेले बगळे, सगळं तिनं सांगितलं. घरांना दारं नव्हती, नुसती भगदाडं होती. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, चौकटी, तुळया काढून बैलगाड्यांतून नव्या जागी नेल्या होत्या. अप्पांनी आणलेलं सागवानी दार सणसरच्या घराला अजून होतं.

"आपलं कोणतं, अप्पा?"

अप्पांनी तोंड चित्राकडे वळवलं.

"देवळापासनं तिसरं. म्होरं गुरांची दगडी डोण हाय."

तिनं बोटानं मोजलं. डोण दिसली तशी ती हरखली.

"घावलं. पण अप्पा, आपल्या घराला भगदाड न्हाय. दाराच्या जागी दगड रचल्यात."

चित्रकार रामहरी जवळच उभे होते. हे तुम्ही मनानं घातलंय का, असं तिनं विचारलं. ते जरा दुखावले. गाळात बसून डोळ्यांना दिसतं तेवढंच काढतो, खडासुद्धा पदरचा घालत नाही, असं म्हणाले. त्यांनाही नवल वाटलं होतं. जे घर बुडणारच, त्याचं दार कोण कशाला बुजवील?

अप्पा बाकावरून उठू लागले. म्हातारपणी घर आठवलं की असंच व्हायचं, असं स्वरूपाला वाटलं. तिनं त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन त्यांना परत बसवलं.

"समदे दगड जागच्या जागी हाईत?" अप्पांनी विचारलं.

ती चित्राकडे वाकली.

"वरचे तीन-चार ढासळल्यात. काळी फट पडलीय."

अप्पांनी तिला जवळ ओढलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"नीट बघ, स्वरूपे. त्या फटीतनं सोनबा दिसतोय का?"