हमीपत्रातली कोरी जागा

"नवरीच्या नावाची जागा कोरीच आहे, मावशी," कचेरीतली कागदपत्रं सांभाळणारी रोंडा म्हणाली आणि तिने हमीपत्र टेबलावर ठेवलं.

कोरी आहे हे ओलीटाला ठाऊक होतं. साऱ्या स्टिडम खानदानाला ठाऊक होतं. १८०९ साली एनॉक स्टिडमने केंटकीतल्या याच कचेरीत लग्नाचं हमीपत्र लिहून दिलं, सहीऐवजी फुली मारली, आणि नवरी कोण ते कारकुनाने लिहिलंच नाही. घरातले लोक चाळीस वर्षं या कागदाचा फोटो बघत आले होते. अस्सल कागद ओलीटाने आज पहिल्यांदा मागून घेतला होता.

वेळच तशी आली होती. रविवारी डेकोरेशन. दर मे महिन्यात डोंगरावरच्या कबरी साफ करायच्या, फुलं वाहायची आणि तिथंच गवतावर चादरी पसरून जेवायचं. यंदा एनॉकच्या बायकोच्या कबरीवर नवा दगड बसणार होता. जुन्या दगडावर मृत्यूचं साल तेवढं उरलं होतं, १८४८. ओलीटाचा चुलतभाऊ हर्शेल सकाळपासून पाथरवटाकडे जाऊन बसला होता. आज संध्याकाळपर्यंत नाव मिळालं नाही, तर दगडावर 'एनॉक स्टिडमची बायको' एवढंच येणार होतं. हर्शेलचं म्हणणं, दोनशे वर्षं अडलं नाही, आता काय अडणार आहे? शिवाय त्याची ठरलेली थट्टा होतीच. बापाची चिठ्ठी कुठं सापडत नाही, म्हणजे एनॉकने पोरगी वाटेतच उचलली असणार. दर डेकोरेशनला सगळे यावर हसायचे आणि ओलीटा मान खाली घालून कोंबडी वाढत राहायची. तिला त्या थट्टेची मनापासून चीड होती.

बापाच्या चिठ्ठीचं असं होतं की त्या काळी एकविशीच्या आतल्या मुलीच्या बापाने लेखी संमती दिल्याशिवाय कारकून लग्नाचा परवाना देत नसे. त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे निराळे, बापांच्या आडनावांप्रमाणे लावलेले. स्टिडमांच्या तीन पिढ्यांनी ते चाळले. एनॉकला पोरगी देणारा बाप काही मिळाला नाही.

ओलीटाने म्हणून दोन दिवस शिरगणतीचे कागद उपसले. तिथंही घरातल्या कर्त्याचं तेवढं नाव. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यांतले आकडे. १८१० मध्ये एनॉकच्या नावापुढे, तरण्या बायकांच्या रकान्यात, एक. तीच ती. दहा वर्षांनी तो एक पुढच्या रकान्यात, आणि आता पोरांच्या रकान्यांत पाच. आणखी दहा वर्षांनी ती आणखी पुढे. १८४० मध्ये पन्नाशी उलटलेल्या बायकांत, एक. जिने नऊ पोरं वाढवली, जिच्यामुळे आज तीनशे माणसं डोंगरावर जेवायला जमतात, ती अख्खी बाई एका उभ्या रेघेत मावली होती. सगळ्यांची नावं लिहायला लागले ते १८५० पासून. माउली दोन वर्षांनी हुकली. चौऱ्याहत्तर वर्षांची ओलीटा ते बघून कचेरीत सगळ्यांदेखत रडली होती.

आता तिने हमीपत्र हातात घेतलं. तीन घड्यांचा कागद. खालच्या घडीवर तिचा अंगठा थांबला. पन्नास वर्षं गोधड्या शिवलेला हात तो. पदर एक की दोन, हे त्याला डोळ्यांच्या आधी कळतं.

"रोंडा, हा कागद इथं दुहेरी आहे गं."

रोंडाला आधी पटेना. हे हमीपत्र शंभर जणांनी पाहिलंय, मावशी, असं ती म्हणाली. मग तिने कागद दिव्यासमोर धरला. घडीच्या पोटात, ओलीने चिकटून, त्याच रंगाची एक चिठ्ठी बसली होती. फोटो काढणाऱ्यांनी वरची बाजू घेतली होती आणि काम उरकलं होतं. रोंडाने पातळ पातं आत सरकवलं. तळहाताएवढी चिठ्ठी सुटून आली. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र ताठ. शेवटी सही होती, आणि ती बापाची नव्हती, नवरीचीच होती. केझाया लाइल.

ओलीटाने नाव मोठ्याने उच्चारलं. केझाया. ती गेल्यापासून स्टिडमांच्या घरात कोणी हिला नावाने हाक मारली नव्हती. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, घरात वडीलधारं माणूस आल्यावर उठावं तशी. रोंडाही उठली.

तेवढ्यात हर्शेलचा फोन आला. पाथरवट खोळंबलाय, काय ते सांग, म्हणाला. ओलीटाने नाव सांगितलं. पलीकडे हर्शेल लहान पोरासारखा खूश झाला. माणूस वाईट नव्हता तो.

"आणि बाप कोण निघाला?" त्याने विचारलं. "परवानगी कोणी दिली? त्याचंही नाव कोरून घेऊ."

ओलीटाने चष्मा सारखा केला आणि चिठ्ठी पहिल्यांदाच सबंध, थांबत थांबत, फोनवर वाचली.

"कारकूनसाहेबांस. मला बाप नाही, भाऊ नाही, पालक नाही. मला एकविसावं वर्ष पूर्ण झालं आहे. एनॉक स्टिडमशी लग्न करायला माझी मला परवानगी आहे. ही चिठ्ठी माझ्या हातची आहे."

फोनवर हर्शेलच्या मागे पाथरवटाचा रेडिओ वाजत होता, तो कोणीतरी बंद केला.

"ओली," तो म्हणाला, "त्या सहीचा नीट फोटो काढून पाठव. दगडावर तिचं नाव तीच लिहील."