मिळमिळीत सोडा

"पुन्हा मिळमिळीत! दारियोला म्हणावं, बापालाच फसवतोस काय?" आतल्या खोलीतून आन्सेल्मो ओरडला.

नेलिदा न्हाणीघरात होती. तिने नळ बंद केला आणि तोंड पुसत स्वयंपाकघरात आली. तिथे दुरुस्तीला बोलावलेला ओस्वाल्दो सोड्याचं यंत्र उघडून बसला होता.

"ऐकलंस?" ती हळूच म्हणाली. "आज ना उद्या ओळखणार तो."

दारियो नेलिदा-आन्सेल्मोचा एकुलता एक मुलगा. बाप थकल्यावर रोसारियो शहराच्या गल्ल्यांत घरोघर सोड्याचे सायफन, म्हणजे दाबलं की सोडा उडवणाऱ्या बाटल्या, तोच पोचवायचा. आन्सेल्मो हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात असताना दारियोची गाडी हमरस्त्यावर उलटली. म्हाताऱ्याला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. नेलिदाने एकटीने मुलाला पुरलं आणि घरी सोडा करायचं यंत्र आणलं.

आता जेवणाच्या वेळी घोटभर वाइनवर सोडा ओतून ती पेला आत नेऊन द्यायची. दारियो घाईत होता, सायफन दारातच ठेवून गेला, असं सांगायची. उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाला सायफन दाबू न दिलेला आन्सेल्मो मुकाट्याने पेला घ्यायचा आणि मग सोड्याला नावं ठेवायचा.

"नेलिदाकाकू, वायसर झिजलाय. गॅस इथून निसटतोय," ओस्वाल्दो म्हणाला. त्याने वायसर बदलला, बाटलीत फ्रिजमधलं गार पाणी भरलं आणि कळ दाबली. यंत्र फुसफुसलं. त्याने एक घोट घेतला. नाकात झिणझिण्या आल्या.

नेलिदा पेला घेऊन आत गेली.

"मिळमिळीत!"

ती परतली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, चांगलाच राग होता. "या यंत्राच्या नानाची टांग! गॅसच संपत आला असेल. कोपऱ्यावरून नवी टाकी आणते. बघतेच कसा कडक होत नाही ते." तिने पिशवी उचलली आणि तरातरा जिना उतरली.

ओस्वाल्दोला राहवेना. त्याने नुसत्या सोड्याचा पेला भरला आणि स्वतःच आत नेला.

"आन्सेल्मोकाका, मी नळ दुरुस्त करायला आलोय. जरा चाखून बघता?"

म्हाताऱ्याने पेला तोंडाला लावला. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"कडक आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून कडकच आहे."

"मग रोज ओरडता कशाला?"

आन्सेल्मोने जिन्याकडे कान दिला. पावलं वाजत नव्हती.

"माझा पोरगा गेल्यापासून ती नळ सोडून रडत बसते, बाबा. त्या यंत्राशी भांडते, तेवढा वेळ रडत नाही."