बाबांचा तक्ता

आहारशास्त्र शिकणाऱ्या अल्पनाने बाबांची शुगर तीनशेच्या वर गेल्यावर पथ्याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. दुसऱ्याच दिवशी तो गायब. बाबा मात्र रोज सकाळी देवासच्या चौकात पोहे-जलेबीच्या ठेल्यावर जातच राहिले; काळजीने अल्पनाला जेवण जाईना. आठ दिवसांनी त्यांना रंगेहाथ पकडायला ती मागोमाग निघाली आणि ठेल्याच्या आडोशाला उभी राहिली.

"चिराग, आज एकच जलेबी दे," बाबा हळूच म्हणाले.

"नहीं मिलेगी, भिया." ठेलेवाल्याने कढईमागे टांगलेल्या कागदाकडे झाऱ्याने खूण केली. तो अल्पनाचाच तक्ता होता. "आप ही तो टांग गए थे. बोले थे, मैं मांगूं तो भी मत देना."

अल्पना आल्या पावली माघारी फिरली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली होती.