मुदत संपलेल्या नावाची सोडत

टेबलावर स्टीलचा डबा होता आणि डब्यात वेबसाइटची नावं नोंदवणाऱ्या अकरा कंपन्यांच्या अकरा चिठ्ठ्या. मुदत संपलेलं वेबसाइटचं नाव पूर्वी ज्या कंपनीचा संगणक सगळ्यात आधी मागणी नोंदवेल तिलाच मिळायचं. त्यावर फार ओरड झाली, म्हणून आम्ही कंपन्यांनी समिती नेमून सोडत सुरू केली: जिची चिठ्ठी निघेल, नाव त्या कंपनीचं. समितीचं इतिवृत्त मी लिहितो.

आज पहिलं नाव एका कर्णबधिर मुलांच्या शाळेचं होतं. शाळा चालवणाऱ्या केळसकरबाई स्वतः आल्या होत्या. नाव त्यांच्या यजमानांनी घेतलेलं, मुदतीच्या सूचना त्यांच्याच ईमेलवर जायच्या, आणि यजमान मार्चमध्ये वारले.

"एकोणीस वर्षं पालक याच नावाने आम्हाला शोधतात," बाई म्हणाल्या. "पैसे आत्ता भरते."

"मुदत उलटून गेली, बाई," अध्यक्ष म्हणाले. "एकाला सूट दिली की सोडतीला अर्थ काय राहिला?"

मी इतिवृत्तात लिहिलं: सूट नाकारली.

मग वेगळीच अडचण निघाली. चिठ्ठी काढणारा माणूस बाहेरचा लागतो, आणि नेहमीचे वकील आले नव्हते. खोलीत आम्ही सगळे कंपन्यांचेच. अध्यक्षांची नजर फिरत फिरत बाईंवर थांबली.

"तुम्हीच काढता का? तुमचा आता या नावाशी संबंध नाही."

बाई उठल्या. त्यांनी डोळे मिटून डब्यात हात घातला आणि चिठ्ठी न उघडताच अध्यक्षांना दिली.

मी लिहिलं: सोडत नियमानुसार पार पडली. चिठ्ठी त्रयस्थ व्यक्तीने काढली.