शेवटची पंगत

दयारामांनी तोंड मिटलं ते मिटलंच. प्रतिमाने चमचा ओठांपाशी नेला, लाडीगोडी लावली, खोटंखोटं रागावूनही पाहिलं. आजचा तिसरा दिवस. मुगाची पातळ खिचडी वाटीत गार होत होती.

मलकापूरच्या वेशीबाहेरच्या त्या सेवाघरात बरं व्हायला कोणी येत नाही. शेवटचे दिवस सुखाने जावेत, एवढ्यासाठीच माणसं येतात. दयारामांना कंपवाताने पार खाल्लं होतं. हात गेले, पाय गेले, गेल्या महिन्यात वाचाही गेली. उरले होते डोळे आणि जीभ. आणि जीभ म्हणजे साधीसुधी नव्हे. हा जळगाव जामोदचा आचारी. रोडगे आणि वांग्याची भाजी करावी तर यानेच, असं चार तालुके म्हणत. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. म्हणजे या माणसाच्या जिभेला पुन्हा कसली चव लागणार नव्हती. प्रतिमाला तेच सहन होईना.

ती स्वतः सकाळी सातच्या एसटीने कामावर यायची. बारा जणांना भरवता भरवता तिचे चार वाजत. डबा बहुतेक वेळा तसाच घरी परत जायचा आणि गाईपुढे पडायचा. सोमवारी तर डोळ्यांपुढची अंधारी जाईपर्यंत ती दयारामांच्याच पलंगाला धरून उभी राहिली होती. घरी विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे सांगायची सवयही नव्हती.

आता तिच्या लक्षात आलं, दयाराम वाटीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खिडकीतल्या तिच्या डब्यावर होती. तिथून तिच्यावर. पुन्हा डब्यावर.

तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. लग्नाकार्यात तिने काय कमी आचारी पाहिले होते? शेवटची पंगत उठल्याशिवाय आचारी पानावर बसत नाही. हात चालेनासे झाले म्हणून रीत थोडीच मोडते! तिने डबा उघडला, स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसून ठेच्याशी अख्खी भाकरी खाल्ली. दयाराम घासन् घास बघत होते. मग तिने खिचडी पुन्हा गरम करून आणली.

"घ्या काका, शेवटची पंगत उठली. आता तुमी बसा."

तोंड उघडलं. हळूहळू अर्धी वाटी गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. आधी तिचा डबा, मग त्यांची वाटी. नळीचं नाव निघालं नाही.

रविवारी त्यांची बायको गीताबाई भेटायला आली. प्रतिमाने तिला सगळं कौतुकाने सांगितलं. आजार कितीही मोठा असो, हाडाच्या आचाऱ्याची रीत काही सुटत नाही, असंही म्हणाली. गीताबाई ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. डोळे मात्र भरून आले होते.

"कायची रीत, बाई? हे तं सगळ्याइच्या आंधी जेवत. पंगत बसाच्या आंधी, तिथंच चुलीपाशी."

प्रतिमाने खिडकीतल्या आपल्या डब्याकडे पाहिलं. म्हणजे तीन दिवस हा माणूस उपाशी राहिला, तो तिच्यासाठी. आपण जेवावं म्हणून कुणी अडून बसलं, असं तिच्या आयुष्यात आजवर घडलं नव्हतं. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं, असं तिला मनापासून वाटलं.

गीताबाई नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत होती.

"चाळीस वर्सांत यायनं मले एक डाव इचारलं नाई, जेवली का म्हून," ती म्हणाली. "यायचं बोलनं गेलं, तवा इचाराले शिकले."